गोजराबाईचा टप्पा

मेडशीत त्या काळी अंतर मोजायची तऱ्हाच न्यारी होती. वार, फूट, फर्लांग ही सगळी पटवाऱ्याची भाषा. पटवारी साखळी गुंडाळून घरी गेला की गाव आपल्या जुन्या मापावर. कुठं हाकेचं अंतर, कुठं चिलीमभर वाट, आणि शेतात असलं तर टप्पा. टप्पा म्हणजे गोफणीचा टप्पा. राखणीच्या माळ्यावर उभं राहून गोफण फिरवली की गुंडा, म्हणजे गोफणीतला गोटा, जिथं जाऊन पडतो तिथवर. आता कोणी शहाणा विचारील, बाबा रे, पण गोफण कोणाची? शेंबड्या पोराची की पैलवानाची? तर खरा प्रश्न हाच आहे, आणि ह्याच प्रश्नापायी जानराव पाटलांनी त्या हिवाळ्यात सगळ्या घराच्या नाकी नऊ आणले होते.

जानराव साठीला टेकले होते. त्यांची बायको गोजराबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. थंडीतापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत खेळ आटोपला. लढाई संपून मुलगा शालिग्राम फौजेतून सुटून आला, पण मायची भेट काही झाली नाही. वाशीमच्या स्टेशनात त्याची गाडी लागली तेव्हा तिची तेरवीसुद्धा उरकली होती. घरात मागं राहिलं काय, तर तिचं जातं, तिची गोफण आणि खुंटीवरची बंदूक. बंदूक जानरावांची खरी, पण तिच्यावर हक्क दोघांचा होता. तो कसा, ते पुढं येईलच.

ही बंदूक साधी नव्हती बरं. गावात ठासणीच्या बंदुका दोन-तीन होत्या. त्यात दारू भरा, गज मारा, तोवर रानडुक्कर नाला ओलांडून पार. ही होती कडीची. घोड्याखाली लोखंडाची कडी, ती खाली ओढली की रिकामं काडतूस उडून बाहेर, वर ढकलली की नवं आत. खटॅक्-खटॅक्. तो आवाज ऐकायला पोरं ओट्यावर जमायची. नळीच्या टोकाला नेम धरायची माशी आणि मागच्या बाजूला खाच. त्या खाचेखाली पायऱ्या पाडलेली बारकीशी लोखंडी पट्टी. गावानं तिला शिडी नाव ठेवलं होतं. शिडी मागंपुढं सरकवली की खाच वर चढायची नाही तर खाली उतरायची, आणि तसा बंदुकीचा नेम दूर किंवा जवळ बसायचा. पण पस्तीस वर्षं त्या शिडीला कोणाचं बोट लागलं नव्हतं. जानराव लावूच देत नसत.

आणि झालं काय, त्या दिवाळीच्या पोताऱ्याला, म्हणजे भिंती सारवायच्या वेळी, त्यांनी स्वतःच बंदूक खुंटीवरून काढली आणि ती निसटून खालच्या जात्यावर आपटली. नळीला काही झालं नाही, दस्ताही शाबूत. शिडीचे मात्र दोन तुकडे झाले. एक हातात आला, दुसरा पोताऱ्याच्या चिखलात कुठं गेला तो गेलाच.

जानराव जात्याजवळ बसले ते दुपारपर्यंत उठले नाहीत. सून कस्तुराबाई चहा घेऊन आली, तो तिथंच निवला.

"मामंजी, लोखंडाचंच हाय ना? लोहार घडवून देईन," ती बिचारी समजूत घालायला गेली.

"लोखंडाचं असतं तं मी असा बसलो असतो काय वं?" जानराव खेकसले.

शालिग्रामनं बंदूक रिसोडला नेली. तिथल्या लोहारानं नवी शिडी घडवून दिली, जुनीहून देखणी. पण पायऱ्या त्यानं आपल्या अंदाजानं पाडलेल्या. म्हणजे नेम आता पहिल्यापासून बसवायला हवा. आधी एक टप्पा ठरवायचा, तिथं मडकं ठेवायचं, आणि त्या टप्प्यावर गोळी लागेपर्यंत शिडी सरकवायची. त्यात लढाईपायी काडतुसं मिळेनाशी झालेली, घरात मूठभर उरलेली. आज इथं मारून पाहू, उद्या तिथं, ही चैन परवडणारी नव्हती. टप्पा काय तो एकदाच ठरवायचा.

"शंभर वारावर बसवतो, बाबा," शालिग्राम म्हणाला. "सोपं काम हाय. दोरी लावून मोजू अन् मडकं ठेवू."

"शंभर वार कोणाचे?"

"कोणाचे म्हंजे? वार तं वार असते."

"ह्या बंदुकीचा टप्पा ठरलेला हाय. तुह्या मायचा. दुसरा चालत नाही."

मायच्या नावापुढं शालिग्रामचा वाद सरला. मग मऊपणानं म्हणाला, "बरं, तसं. मायच्या टप्प्यावर बसवू. सांगा, थो टप्पा किती?"

जानरावांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. किती? त्यांना माहीत नव्हतं! पस्तीस वर्षं त्या टप्प्यावर डुकरं मारली, त्या टप्प्याच्या गप्पा साऱ्या पंचक्रोशीला सांगितल्या, पण तो मोजला म्हणून कधी नव्हता. मोजायचा कशाला? टाकणारी घरातच होती. शंका आली की म्हणायचं, "गोजरा, टाक वं एक गुंडा," आणि तिनं टाकायचा. अंगणात विहीर असल्यावर पाणी कुठं आहे हे कोण ध्यानात ठेवतं?

"हरभऱ्याले घाटे धरेपावतर पाहू," शालिग्राम शेवटी म्हणाला. "घाटे धरले की डुकरं उतरतीन. तोवर मायचा टप्पा सापडला तं मायचा, नाही तं शंभर वार. मंजूर?"

"मंजूर," जानराव म्हणाले. 

ह्या टप्प्याचा जन्म झाला ते साल दिल्लीत बादशहाचा दरबार भरला ते. जंगलखात्याचा एक म्हातारा साहेब मेडशीच्या रानात फार रमलेला. नोकरी संपवून विलायतेला निघाला तेव्हा जाताना त्यानं ही बंदूक जानरावांना दिली, परवान्याचंही करून दिलं. साहेबाची मराठी अशी, की म्हैस समोर असली तरी तिला तो 'हा म्हैस' म्हणायचा. पण निघताना त्यानं जे सांगितलं ते जानरावांच्या काळजावर कोरलं गेलं. एक टप्पा निवड, जिथं जनावर तुला जास्त वेळा मिळतं तो. तिथं नेम बसव आणि मग शिडीला हात लावू नको. जनावर त्या टप्प्याच्या अलीकडं असलं तर गोळी त्याच्या वरून जाईल, पलीकडं असलं तर खालून जाईल. म्हणून बंदुकीपेक्षा टप्पा ओळखायला शीक.

झालं! टप्पा कोणता निवडावा ह्यावर पारावर तीन दिवस काथ्याकूट चालला. एक म्हणे मारुतीच्या देवळापासून वेशीपर्यंत. दुसरा म्हणे, छे, नाल्याच्या पल्याडपर्यंत, एवढी साहेबाची बंदूक ती काय अंगणात मारायची? जानरावांचा जोडीदार रूपला, तांड्यावरचा बंजारा, शिकारीचा पक्का. तो म्हणाला, जनावराच्या मिशा दिसतीन इतक्या जवळ बसवा. पाचांमुखी परमेश्वर म्हणतात ते खरं असेल, पण पाचांमुखी नेम काही बसत नाही.

गोजरा तेव्हा नवी नवरी. रिठदची लेक, हातावरची मेंदी नुकती उतरलेली. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळायचा नाही. पण घरात येऊन महिना झाला नाही तोच तिनं माळ्यावरच्या राखणीचं काम आपल्याकडं घेतलं होतं. माहेरी तिनं तेच केलेलं. उभ्या ज्वारीत चार खांबांचा माळा, त्यावर ती उभी, डोक्यावर गोफण गरगर फिरतेय. असं काही तिचं गोफणीशी सूत होतं, की गुंडा सुटला की हवेत भुंग्यासारखा आवाज यायचा आणि पाखरांचा थवाच्या थवा उठायचा.

पारावरचा वाद घरापर्यंत आला तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, आयकलं का. डुकरं नाल्यातून निघतेत अन् पिकात शिरायच्या आधी एका जागी थबकतेत. कान टवकारून उभी राह्यतेत. माहा गुंडा नेमका तिथीसा पडते. तिथं बसवा ना तुमचा नेम."

जानराव तिच्याकडं पाहतच राहिले. तीन दिवस सारं गाव डोकं फोडतंय आणि ही बया तव्यावरची नजर न काढता फैसला देऊन मोकळी!

दुसऱ्या दिवशी ती माळ्यावर चढली. पदर कमरेला खोचला, गोफण फिरवली, आणि गुंडा सोडला. तो जिथं पडला तिथं रूपलानं चुना लावलेलं मडकं ठेवलं. जानरावांनी माळ्याच्या खांबाला टेकून नेम धरला, शिडी दोन पायऱ्या वर, एक पायरी खाली, आणि अखेर मडक्याच्या ठिकऱ्या उडाल्या. गोजरा वरून टाळ्या पिटत होती. सासऱ्यांनी पाहिलं तेव्हा जीभ चावून खाली बसली. त्या दिवसापासून बंदुकीचा टप्पा ठरला तो ठरला.

ते दिवस जानरावांना आता दिवसाढवळ्या दिसायचे. तिन्हीसांजेला किंवा उजाडता-उजाडता दोघं माळ्यावर. ती खसखस ऐकायची, त्यांचा दंड चिमटायची, आणि गुंडा टाकायची. धप्प झालं की डुकरं तिथंच बिचकून खोळंबायची. मग ह्यांची बंदूक. दोघांत बोलणं शून्य, काम चोख. असा संसार किती जणांच्या वाट्याला येतो सांगा!

सासऱ्यांची मात्र एक कुरकुर मरेपर्यंत राहिली. बाकीच्या बाया गोफणीत मातीचे वाळलेले गोळे घालायच्या. गोजराला ते पटायचं नाही, गोळा हवेतच फुटतो म्हणायची. ती नाल्यातले गुळगुळीत गोटे वेचून आणायची, पदराचा ओटा भरून. "सूनबाई माह्या काळीत गोटे पेरून राह्यली," सासरे ओरडायचे. "वखराची पास बोथट झाली नं!" म्हणून मग दर उन्हाळ्यात ती टोपली घेऊन शेतात फिरायची, वर दिसतील तेवढे गोटे वेचायची. वेचताना हसायची. आपल्याच हातानं टाकायचे आणि आपल्याच हातानं वेचायचे.

पुढं पुढं, म्हणजे लढाईच्या वर्षांत, एक भलतंच होऊ लागलं. जानरावांचा नेम चुकायला लागला. गोळी डुकराच्या पाठीवरून जायची. कधी मानेवरचे केस उडायचे, डुक्कर मात्र सलामत. जानराव काडतुसांना शिव्या घालायचे. दारू सर्दावली म्हणायचे, लढाईचा माल असाच म्हणायचे.

"नाचता येईना अन् आंगन वाकडं," गोजराबाई पुटपुटायची. आणि मग हळूच, "अवो, जरा खाली धरत जा ना."

"तू मले नेम शिकवतं काय वं? गोफण तुही, बंदूक माही. आपापलं पाह्यावं."

"बरं बाई," ती म्हणायची. पुन्हा एखाद्या दिवशी तेच. जरा खाली धरत जा. जानराव हसण्यावारी न्यायचे. उलट पारावर मिशीला पीळ देऊन सांगायचे, बुढी झाली पण टप्पा बोटभर कमी नाही झाला तिचा! कोणी म्हणालं, दाखवा तर, की गोजराबाई तोंड फिरवायची. "कायले? गोटा फुकट जाईन," एवढंच म्हणायची.

हे सगळं आठवत, त्या हिवाळ्यात जानराव रोज शेतात जाऊ लागले. ज्वारी निघालेली, नुसती धसकटं उभी. हिवराच्या झाडाजवळ माळ्याचे खांब होते तिथंच होते. त्यांच्यापाशी उभं राहून ते समोर पाहायचे. कुठं ठेवलं होतं मडकं?

रूपलाला बोलावलं. तोही आता काठी टेकत आला.

"राम राम, पाटील. तिथं बोरीचं झुडूप होतं ना, त्याच्या बुडाशी ठेवलं होतं म्या मडकं."

"बोर नव्हती, पळस होता."

"बोर होती. माह्या हाताले काटे रुतले होते."

"तुह्या हाताले काटे रुतले थे दुसऱ्या साली. पळस होता म्हंतो ना!"

दोघे म्हातारे तास-दीड तास भांडले. आणि मौज ही, की आता तिथं बोरही नव्हती आणि पळसही नव्हता. धुरा, म्हणजे शेताचा बांध, सरकवला तेव्हा दोन्ही तोडले गेले होते. शेवटी रूपला म्हणाला, "पाटील, गोफण आना अन् टाकून पाहू."

घरून तिची गोफण आणली. खिळ्यावर लटकून सुतळी कडक झाली होती. जानराव माळ्यावर चढले, गोटा घातला, डोक्यावर दोन फेरे दिले आणि सोडला. गोटा पुढं जायच्या ऐवजी मागं गेला आणि खाली उभ्या रूपलाच्या पागोट्याला चाटून हिवराच्या बुंध्यावर आदळला.

"माय वं!" रूपला मटकन खालीच बसला. "पाटील, मले डुक्कर समजले काय?"

दोघेही हसले, आणि हसता हसता जानरावांनी गोफण खाली ठेवली. ते माळ्यावरच बसले. "रूपला," ते म्हणाले, "मले तिचं तोंड आठवते. आवाज आठवते. पर टप्पा हरवला गा. एवढी मोठी चीज कशी हरवली असन?"

 रूपलानं चिलीम पेटवून वर दिली.

इकडं हरभरा फुलला, घाटे धरू लागले. नाल्याच्या काठाला डुकरांच्या खुरांच्या खुणा दिसू लागल्या. शालिग्रामनं घरात मोजायची दोरी आणून ठेवली होती. जानरावांनी ती पाहिली आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या सकाळी शालिग्राम ज्वारीच्या रानात वखर घालत होता. जानराव हिवराखाली बसलेले. तेवढ्यात वखराची पास कशावर तरी वाजली. खण्ण! शालिग्रामनं बैल थांबवले, वाकून मातीतून काहीतरी काढलं, धुऱ्याकडं भिरकावायला हात उचलला, आणि तो हात वरच राहिला.

"बाबा!"

जानराव उठले. पोराच्या तळहातावर गोटा होता. गुळगुळीत, अंड्याएवढा, नाल्यातला. आता सांगा, काळीच्या रानात नाल्यातला गोटा कुठून येणार? काळी ही अशी, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यात काय काय गडप होतं, आणि पाच-दहा पावसाळे गेले की तीच माती ते पुन्हा वर ढकलते. गोजराबाईनं वेचले ते वरचे. पोटात गेलेले काळीनं सांभाळून ठेवले होते.

"मायचा," शालिग्राम म्हणाला.  मायचं तोंड बघायला न मिळालेला तो पोरगा, त्यानं गोटा छातीशी धरला आणि तिथंच वखराच्या तासात बसला. जानरावांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "ऊठ. अजून असतीन."

होते. तिथं आसपास हाताहातावर गोटे निघाले. माळ्यापासून चांगले दूर, नाल्याच्या अंगाला. जानरावांनी मागं वळून माळ्याकडं पाहिलं आणि त्यांना एकदम ओळख पटली. हाच! हाच टप्पा. इथंच मडकं होतं. रूपलाची बोर इथंच असेल, चला, बोर तर बोर! ते लहान पोरासारखे हसले.

"चला, बाबा, तुमीच जिंकले," शालिग्राम डोळे पुसत म्हणाला. "मडकं आनतो."

पण जानराव मडक्याची वाट पाहत उभे राहिले नाहीत. गोटे हुडकायच्या नादात ते वाकून माळ्याच्या दिशेनं येऊ लागले. आणि गोटे संपेनात. जरा अलीकडं पुन्हा काही. अजून अलीकडं पुन्हा काही. जसजसे ते माळ्याजवळ येत गेले तसतसे गोटे मातीच्या वरच पडलेले, अर्धे उघडे, जणू काल-परवाचे. पोटात जायला त्यांना वेळच मिळाला नव्हता, आणि वेचणारीही उरली नव्हती. शेवटचे गोटे तर असे, की तिथून माळ्याच्या खांबावरची गाठसुद्धा दिसत होती. पहिल्या टप्प्याच्या निम्म्यावर. आणि त्याच्या अलीकडं एकही नाही.

जानराव तिथं थांबले. पुढं मोकळी काळी, मग माळा. मागं वळून पाहिलं तर नाल्यापासून त्यांच्या पायापर्यंत गोटेच गोटे. तिचा हात कसा कसा खाली येत गेला ते सगळं तिथं पडलेलं होतं, आणि त्यांनी ते आज पाहिलं. खांद्याला तेल लावून दे म्हणायची ती कधीकधी. ते म्हणायचे, दळणाचं दुखणं असेल.

शालिग्राम मडकं आणि बंदूक घेऊन आला. "कुठं ठेवू? तिकडं नाल्याजवळ ना?"

"इथं," जानराव म्हणाले.

"इथं? थो तिकडचा खरा टप्पा हाय ना, बाबा? मायचा भर उमेदीतला."

"थो तिनं मले दाखवला होता. हा दाखवला नाही. इथं ठेव."

शालिग्रामनं वाद घातला नाही. मडकं शेवटच्या गोट्यांपाशी ठेवलं. जानराव माळ्याच्या खांबाला टेकले. कडी ओढली, खटॅक्-खटॅक्. नवी शिडी लोहारानं ठेवली होती तशीच होती. त्यांनी माशी बरोबर मडक्याच्या पोटावर धरली, श्वास रोखला आणि घोडा दाबला.

मडकं जागचं हललं नाही. त्याच्या पाठीमागं लांबवर धूळ उडाली. गोळी वरून गेली होती.

शालिग्राम खाली वाकून शिडीकडं पाहू लागला आणि सहज बोलून गेला, "बाबा, नेम दूरचा हाय. जरा खाली धरा."

जानरावांच्या हातातली बंदूक हळूहळू खाली आली. ते पोराकडं पाहत राहिले, मग माळ्यावर, तिची उभं राहायची जागा होती तिकडं. गुंडा जवळ पडायचा. डुकरं जवळ खोळंबायची. आणि बंदूक मात्र पहिल्या दिवसाच्या टप्प्यावर बसलेली, गोळी पाठीवरून जाणारच. तिला सगळं कळत होतं. टप्पा तुटला असं तिनं कधी म्हटलं नाही, कारण तो टप्पा नवरा गावभर मिरवत होता. तिनं फक्त एवढंच म्हटलं, जरा खाली धरत जा, किती वर्षं म्हटलं. आणि हे काडतुसांना शिव्या घालत बसले.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "तुही माय बोलून राह्यली."

त्यांनी कडी ओढली. माशी मडक्याच्या पोटावर आणली आणि मग, उभ्या जन्मात पहिल्यांदा, ती जरा खाली उतरवली. मडक्याच्या बुडाखाली, पुढ्यातल्या गोट्यावर.

बार झाला आणि मडक्याच्या ठिकऱ्या उडाल्या. नाल्याकडून पाखरांचा थवा उठला. शालिग्रामनं शिडी दोन पायऱ्या खाली उतरवली, म्हणाला, आता खाली धरायची गरज नाही, बाबा, आता नेम इथंच बसला. जानरावांनी मान हलवली. ते मात्र माळ्याच्या वरच्या फळीकडंच पाहत होते.

"आयकलं वं," ते म्हणाले. "आयकलं."